निवृत्तीसाठी निवडलेलं बेट

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कमिटीने मला विषय दिला, 'निवृत्तीनंतरचं नियोजन'. यावर बोलायला आपल्याकडे बँकेची माणसं येऊन गेली, म्युच्युअल फंडवाले येऊन गेले. त्यांनी वाटलेली पेनं आपण अजून वापरतोय. तेव्हा एसआयपी आणि एफडीबद्दल मी काही बोलणार नाही. मी तुम्हाला एका बेटाची गोष्ट सांगणार आहे. कॅरिबियन समुद्रातलं एक छोटं बेट, जिथं लोक मुद्दाम म्हातारपण घालवायला गेले.

हा विषय का, तर आपल्याकडेही तो हल्ली निघतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपली मुलं शाळेत होती. आज त्यातली बरीच परदेशात आहेत. 'आई-बाबा, आता तिथे एकटे काय करताय, इकडेच या,' हे वाक्य किती घरांत ऐकू येतं ते मी सांगायला नको. कुणाला कोकणात घर घ्यायचंय, कुणाला गोव्यात. आणि मोबाइलवर रोज एक व्हिडिओ येतोच, 'स्वस्तात आणि शांतपणे निवृत्त व्हायचंय? ही पाहा जगातली दहा बेटं.' निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाचं झाड आणि झाडाखाली खुर्चीत एक आजोबा. मी उभी नोकरी जनरल इन्शुरन्समध्ये काढली. आम्ही विमावाले फोटोवर फार भरवसा ठेवत नाही. आम्ही विचारतो, या झाडाखाली क्लेम झाला तर काय होईल?

म्हणून हे बेट. त्याचं नाव मॉन्टसेरात. अँटिगा तुम्हाला माहीत आहे, व्हिव्ह रिचर्ड्‌सचं अँटिगा. तिथून नैऋत्येला चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर हे बेट आहे. लांबी साधारण 16 किलोमीटर, रुंदी 11. क्षेत्रफळ सुमारे 102 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईचा पाचवा-सहावा हिस्सा. हा स्वतंत्र देश नाही, ब्रिटनचा सागरापलीकडचा प्रदेश आहे. गव्हर्नर लंडनहून नेमला जातो, रोजचा कारभार बेटावरचं निवडून आलेलं सरकार बघतं. जुन्या काळी तिथे आयरिश लोक मोठ्या संख्येने राहिले, आणि डोंगर बारा महिने हिरवेगार, म्हणून त्याला कॅरिबियनमधलं 'पाचूचं बेट' म्हणतात. पण बहुतेक रहिवासी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज आहेत. 17 मार्चला तिथे सेंट पॅट्रिकच्या नावाने सुट्टी असते, आणि त्याच दिवशी 1768 साली गुलामांनी केलेल्या बंडाची आठवणही जागवतात.

आधी इथे उसाची शेती होती. मग लिंबं आली, मग कापूस आला. एकेक करून सगळ्याचे दिवस संपले. तरुण पोरं बोटी पकडून इंग्लंडला कामाला गेली. मग 1960च्या दशकात बेटाने वेगळा विचार केला. आपल्याकडे काय आहे? ऊन आहे, समुद्र आहे, शांतता आहे. चोऱ्यामाऱ्या नाहीत. सगळे इंग्रजी बोलतात. मग जुन्या मळ्यांच्या जमिनीचे प्लॉट पाडले, रस्ते केले, वीज-पाणी नेलं आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या निवृत्त लोकांना सांगितलं, या, घर बांधा. आठवडाभराचा पर्यटक नको, कायम राहणारा किंवा दर हिवाळ्याला येणारा पाहुणा हवा. पश्चिम किनाऱ्यावर ओल्ड टाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. टुमदार बंगले, मागे पोहण्याचा तलाव, आणि जवळच बेलहॅम खोऱ्यात गोल्फचं मैदान.

आणि खरं सांगायचं तर योजना चांगली चालली. पाहुण्यांना स्वस्तात राजेशाही राहणीमान मिळालं. गावातल्या लोकांना बांधकामाचं, बागकामाचं, घरकामाचं काम मिळालं. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 1979 साली इथे 'एअर स्टुडिओ' काढला. एल्टन जॉन, डायर स्ट्रेट्स, रोलिंग स्टोन्स अशी मंडळी इथे येऊन ध्वनिमुद्रण करून गेली. त्या काळात कुणी व्हिडिओ काढला असता तर दहा बेटांच्या यादीत मॉन्टसेरात पहिलं आलं असतं.

मग सप्टेंबर 1989 मध्ये 'ह्यूगो' चक्रीवादळ आलं. बेटावरची बहुतेक घरं मोडली किंवा त्यांची छपरं उडाली. स्टुडिओ बंद पडला तो कायमचा. लोकांनी परत घरं बांधली. राजधानी प्लिमथमध्ये नवीन सरकारी इमारती, नवीन हॉस्पिटल उभं राहायला लागलं. विमावाल्याला झोप येऊ नये अशी गोष्ट इथे आहे. 1980च्या दशकातच वॅज आणि आयझॅक्स या दोन शास्त्रज्ञांनी अभ्यास करून लिहून ठेवलं होतं की बेटाच्या दक्षिणेचा सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागा होऊ शकतो, आणि झाला तर प्लिमथ धोक्यात आहे. तरीही वादळानंतर नव्या इमारती प्लिमथमध्येच बांधल्या गेल्या. डोंगर शेकडो वर्षं शांत होता, कुणाच्या आजोबा-पणजोबांनीही त्याला पेटलेला पाहिलेला नव्हता. अहवाल राहिला कपाटात. आपल्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल किती जणांनी उघडून वाचलाय, हे मी आज विचारत नाही. आनंदाचा दिवस आहे.

18 जुलै 1995 रोजी डोंगराने राख फेकायला सुरुवात केली. प्लिमथ रिकामं केलं, लोक परत आले, पुन्हा रिकामं केलं. एप्रिल 1996 मध्ये शेवटचं रिकामं केलं, ते आजपर्यंत. 25 जून 1997 रोजी तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट डोंगरावरून खाली आले. त्यात 19 माणसं गेली. त्यातले बरेच जण बंदी असलेल्या भागात शेत बघायला गेलेले होते. जनावरं आहेत, पीक उभं आहे, कसं सोडायचं? विमानतळही त्याच वर्षी गेला. पुढच्या काही महिन्यांत प्लिमथ जळालं आणि गाडलं गेलं. घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या आता जमिनीच्या पातळीवर आहेत. पावसाबरोबर राखेचा चिखल बेलहॅम खोऱ्यात उतरत राहिला आणि गोल्फचं मैदान दिसेनासं झालं. बेटाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग वर्ज्य झाला. दहा हजारांहून जास्त लोक होते, त्यातले दोन तृतीयांश बेट सोडून गेले. आजही तिथे पाच हजारसुद्धा माणसं नाहीत.

आता मंडळी, घाबरवायला मी हे सांगत नाही. ज्वालामुखी सगळीकडे नसतो. पण संकट आलं की कोण कशावर उभा होता ते स्पष्ट दिसतं. मॉन्टसेरातच्या गोष्टीतून मी पाच प्रश्न काढलेत. म्हातारपणासाठी जागा कुठलीही निवडा, परदेशातलं बेट असो, मुलाचं न्यू जर्सीतलं घर असो नाहीतर कोकणातला बंगला असो, हे पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, मी तिथे कुठल्या कागदावर राहणार? कॅरिबियनमधल्या या ब्रिटिश बेटांच्या कायद्यात 'बिलाँगर' असा एक शब्द चालत आला आहे. म्हणजे इथला, आपला माणूस. परक्या माणसाला जमीन घ्यायची तर सरकारचा वेगळा परवाना लागतो. राहायची परवानगी वेगळी, कामाची वेगळी, मताचा अधिकार तर लांबच. तिथे बंगला बांधून वीस वर्षं राहिलेला माणूससुद्धा कागदावर पाहुणाच असू शकतो. मुलाकडे अमेरिकेला व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एका वेळी साधारण सहा महिने, मग परत. सहा महिन्यांचं राहणं आणि कायमचं राहणं यात कागदाचं अंतर किती आहे, ते निघण्याआधी बघा.

दुसरा प्रश्न, डॉक्टर किती लांब? मॉन्टसेरातला आज छोटं हॉस्पिटल आहे, रोजच्या आजारांना पुरेसं. पण मोठं काही झालं तर रुग्णाला अँटिगा नाहीतर ग्वादलूपला हलवावं लागतं. 2005 साली उत्तरेला नवीन विमानतळ झाला, धावपट्टी छोटी, विमानं छोटी. अँटिगा वीस मिनिटांवर. पण हवा खराब असेल तर ती वीस मिनिटं दोन दिवस होऊ शकतात. पन्नाशीत आपण जागा निवडतो तेव्हा समुद्र किती जवळ ते बघतो. पंचाहत्तरीत कार्डिऑलॉजिस्ट किती जवळ ते बघावं लागतं. आणि आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी सहसा भारतातल्या उपचारांपुरती असते. पॉलिसीचे बारीक अक्षरातले कागद चष्मा लावून वाचा. माझी तीस वर्षं ते लिहिणाऱ्यांत गेली, म्हणून सांगतो.

तिसरा प्रश्न, माझा पैसा कुठल्या चलनात आहे, आणि घर विकलं जाईल का? मॉन्टसेरातला ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो. 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 हा भाव बांधलेला आहे. अमेरिकन पेन्शनरला भावाची चिंता नाही. आपली पेन्शन रुपयात. 1997 साली डॉलर 36 रुपयांच्या आसपास होता, आज तो ऐंशीच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे रुपयातल्या पेन्शनवर परदेशात राहायचं तर दरवर्षी आपोआप पगारकपात. ही झाली चलनाची गोष्ट. घराची गोष्ट त्याहून अवघड. 1997 मध्ये स्फोट वाढल्यावर विमा कंपन्यांनी तिथल्या मालमत्तेचं संरक्षण मोठ्या प्रमाणावर काढून घेतलं. माझ्याच व्यवसायातली गोष्ट आहे, म्हणून लपवत नाही. घर राखेखाली, विमा नाही, गिऱ्हाईक नाही. पण ज्यांनी कर्ज काढलं होतं त्यांचं कर्ज मात्र होतंच. सगळी पुंजी एका घरात घालून त्या घरात जाऊन बसणं म्हणजे एकाच दोरीवर स्वतःही लटकायचं आणि गाठोडंही लटकवायचं.

चौथा प्रश्न, परतायला जागा आहे का? आणि इथे या गोष्टीतला सगळ्यात विचार करण्यासारखा भाग येतो. कॅनडाहून आलेल्या माणसाचा बंगला गेला, मोठं नुकसान झालं, पण त्याच्या खिशात कॅनडाचा पासपोर्ट होता. तो घरी गेला. दुसरा एक निवृत्त माणूस डोळ्यांसमोर आणा. तो मूळ मॉन्टसेरातचाच. 1950च्या दशकात तरुणपणी बोटीने इंग्लंडला गेला. तीस-पस्तीस वर्षं बसमध्ये, कारखान्यात, हॉस्पिटलमध्ये काम केलं. पै पै साठवून गावाकडे घर बांधलं आणि पेन्शन घेऊन परत आला. असे बरेच लोक होते. ज्या घरासाठी आयुष्यभर थंडीत राबले, ते घर गेलं, आणि साठी-सत्तरीत पुन्हा त्याच थंडीत जायची वेळ आली. आणि ज्यांनी बेट कधीच सोडलं नव्हतं असे म्हातारे? ते आधी महिनोन् महिने उत्तरेकडच्या चर्चमध्ये, शाळांमध्ये, तंबूंमध्ये राहिले. ब्रिटन सरकारने बेट सोडणाऱ्यांना मदत देऊ केली, तेव्हा कितीतरी जण उतारवयात इंग्लंडमध्ये उतरले. पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वाचा हक्क त्यांना 2002 च्या कायद्याने मिळाला. त्यांनाही परदेशात निवृत्त होणं घडलंच की! फक्त ते त्यांनी निवडलेलं नव्हतं. म्हणून म्हणतो, जाताना इथला दरवाजा लगेच कायमचा बंद करू नका. हा फ्लॅट विकून टाकण्याआधी दोन वर्षं तिकडे राहून बघा. भाड्याने द्या, मेंटेनन्स भरत राहा. (कमिटीच्या चेहऱ्यावर हसू आलं, मी बघितलं.)

पाचवा प्रश्न, माझं दार कोण वाजवणार? मॉन्टसेरातच्या जुन्या लोकांना विचारलं की काय गेलं, तर ते घराआधी गावाचं नाव घेतात. सगळं गाव एकदम उठलं. शेजारी एक लंडनला, एक बर्मिंगहॅमला, एक अँटिगाला. घर परत बांधता येतं. सरकारने उत्तरेला लुकआउट नावाच्या जागी नवीन घरं बांधलीही. पण चाळीस वर्षं सकाळी ज्याला हाक मारली तो पलीकडच्या दारात नाही, त्याला योजना नाही आणि अनुदानही नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मॉन्टसेरात संपलं नाही. 2010 च्या फेब्रुवारीत शेवटचा मोठा उद्रेक झाला, तेव्हापासून डोंगर बऱ्यापैकी शांत आहे आणि वेधशाळा त्याच्यावर चोवीस तास लक्ष ठेवून असते. उत्तरेला नवीन गावं, नवीन बंदर यांचं काम चालू आहे. आणि तिथे अजूनही बाहेरची माणसं निवृत्त होऊन राहतात. त्यातली काही त्या वाईट काळातही गेली नाहीत. राख झाडत, छपरं साफ करत राहिली. का राहिली? समुद्र तर दुसरीकडेही होता, आणि स्वस्ताई उरली नव्हती. पण ती तोपर्यंत पाहुणी राहिली नव्हती. गावातल्या लग्नाला, मयताला, चर्चला, बाजाराला जात होती. कायद्याने नसतील, पण माणसांच्या हिशेबाने ती तिथली झाली होती. जी माणसं फक्त हवा आणि स्वस्त बंगला बघून आली होती, त्यांना हवा बिघडल्यावर राहायला कारणच उरलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं 'जाऊ नका' असं अजिबात नाही. आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थ सांगितला आहेच, म्हणजे उठून जाण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ज्याला जमेल त्याने जरूर जावं. पण जागा निवडताना तिथला समुद्र निवडू नका, तिथली माणसं निवडा. आणि तिथे आपण कुणाचे शेजारी होऊ शकतो का, याचा विचार वयाच्या साठीआधी करा. सत्तरीनंतर नवीन शेजार जोडायला वेळ कमी उरतो.

आणि जे इथेच राहणार आहेत, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांच्यासाठी पाचवाच प्रश्न उरतो. परदेशात न जाताही माणूस बेटावर राहू शकतो. दार लावलं, टीव्ही लावला, लिफ्टमध्ये मान खाली घालून मोबाइल बघितला, की झालं बेट. आपल्या तीन विंगमध्ये एकट्या किंवा दोघंच राहणाऱ्या ज्येष्ठांची घरं किती आहेत ते आपण सगळे जाणतो. म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त कमिटीपुढे मी एक साधी सूचना ठेवतो. खर्च शून्य. अशा प्रत्येक घरासाठी एक पान करा. त्यावर चार गोष्टी असू द्या. मुलांचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा फोन, नेहमीच्या डॉक्टरचा फोन, चालू औषधं, आणि जादा किल्ली कुणाकडे आहे त्या शेजाऱ्याचं नाव. ते पान सेक्रेटरींकडे आणि वॉचमनच्या केबिनमध्ये बंद पाकिटात राहील. आणि त्या किल्लीवाल्या शेजाऱ्याने रोज सकाळी एवढंच बघायचं, दुधाची पिशवी आत घेतली का? नऊ वाजेपर्यंत घेतली नसेल तर बेल वाजवायची.

नॉमिनेशनचे फॉर्म ज्यांनी अजून भरलेले नाहीत, त्यांनी तेही याच महिन्यात भरावेत, हे विमावाल्याचं तोंड आहे म्हणून जाता जाता सांगून ठेवतो.

पंचवीस वर्षांत आपण पाणी टंचाई बघितली, लिफ्ट बंद पडलेली बघितली, पार्किंगवरून भांडलो, गणपतीत एकत्र जेवलो, लॉकडाउनमध्ये एकमेकांच्या दाराशी भाजी ठेवली. एवढं साठवायला पंचवीस वर्षं लागली. ज्यांना जायचंय त्यांनी याचा हिशेब मांडून जावं, आणि ज्यांना राहायचंय त्यांनी हे वापरावं. किल्लीच्या पानांचे कोरे कागद मी छापून आणलेत, मागच्या टेबलावर ठेवलेत. चहा घेताना एकेक उचला आणि आज रात्री भरून टाका.